कुबडी म्हणण्याआधी

काही मतं इतकी रुळलेली असतात की ती मांडायला कुणाला पुरावा द्यावा लागत नाही. त्यातलंच हे एक: संकटात ख्रिस्ताच्या नावाने गुडघे टेकणारा माणूस दुबळा. त्याला परिस्थिती पेलत नाही, म्हणून तो डोळे मिटून आकाशातल्या बापावर भार टाकतो आणि स्वतः मोकळा होतो. श्रद्धा म्हणजे कुबडी. जबलपूरजवळच्या आमच्या शहपुऱ्यात चहाच्या टपरीवर हे हिंदीतून ऐकू येतं, जबलपूरच्या मराठी बैठकांतून मराठीत, आणि पुण्याहून आलेल्या पाहुण्याच्या तोंडून तर शिकवल्यासारखं. या मताला दोन जोडमतं आहेत. एक, हे लोक मुळात श्रद्धेसाठी तिकडे गेलेच नाहीत, दुष्काळात भाकरीसाठी गेले. आणि दुसरं, जरा खालच्या पट्टीत आणि चिंतनाचा आव आणून: प्रार्थनेने झालं काय? दुष्काळ हटला? प्लेग थांबला?

गंमत अशी की ही तिन्ही मतं एकच माणूस एकाच बैठकीत मांडतो आणि त्याला काही खुपत नाही. ख्रिस्ती माणूस देवावर हवाला ठेवून स्वस्थ बसतो, हे त्याचं पहिलं म्हणणं. आणि दहा मिनिटांनी त्याची तक्रार असते की हे लोक कधी स्वस्थ बसत नाहीत. शाळा काढतात, दवाखाने काढतात, अनाथ पोरं गोळा करतात. अहो, एक काय ते ठरवा. निष्क्रिय म्हणायचं की उपद्व्यापी?

या मताचा समाचार घ्यायला मला युरोपात जावं लागत नाही. मराठीतच एक बाई होऊन गेल्या, आणि त्यांच्या आयुष्यातला सर्वांत अवघड निर्णय आमच्याच मुलखातल्या दुष्काळाने त्यांच्यापुढे टाकला होता. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांत होरपळला, त्यात जबलपूरचा भाग पुढे होता. सावरतो न सावरतो तोच १८९९-१९०० चा दुसरा दुष्काळ आला. १९०१ ची जनगणना झाली तेव्हा जबलपूर जिल्ह्याची माणसं दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली. एरवी शिरगणतीचे आकडे वाढतच जातात. इथे ते खाली आले, एवढ्यावरून काय झालं असेल ते समजून घ्यावं. त्या पहिल्या दुष्काळाच्या बातम्या वाचून पुण्याहून जी बाई मध्य प्रांतात आली, ती म्हणजे पंडिता रमाबाई.

आता कुबडीचा आरोप आधी यांच्यावर लावून पाहू. रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी मुलीला संस्कृत शिकवलं, आणि हे कुटुंब पुराणं सांगत तीर्थोतीर्थी फिरत राहिलं. १८७० च्या दशकातल्या दुष्काळी दिवसांत वडील, आई आणि थोरली बहीण पाठोपाठ गेली. उरलेली दोन भावंडं हजारो मैल पायी हिंडली. कधी झाडाखाली निजली, कधी नुसत्या पाण्यावर राहिली. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी या विशीतल्या मुलीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवलं. पुढे भाऊ गेला. जातीबाहेर, नोंदणी पद्धतीने लग्न केलं, तो नवरा दीड-दोन वर्षांत, फेब्रुवारी १८८२ मध्ये, पटकीने गेला. पदरी वर्षाच्या आतली मुलगी. तरी त्याच वर्षी त्या पुण्यात आल्या, आर्य महिला समाज काढला, पुस्तक लिहिलं आणि हंटर आयोगापुढे जाऊन स्त्रीशिक्षणावर आणि स्त्री-डॉक्टरांच्या गरजेवर साक्ष दिली.

हे सगळं बाप्तिस्म्याच्या आधीचं आहे. बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ चा, इंग्लंडमधल्या वाँटेजचा. मग सांगा, या बाईला कुबडीची गरज केव्हा होती? आई-बाप उपाशी गेले तेव्हा, की नवरा गेला तेव्हा? त्या सगळ्या काळात त्या स्वतःच्या पायांवर चालत होत्या, आणि तेही शब्दशः. ख्रिस्ताकडे त्या वळल्या ते त्यांच्या नावाचा देशभर बोलबाला असताना, आणि त्या वळण्याची किंमत म्हणून त्यांनी जे हाताशी होतं तेच घालवलं. पुण्यातली काही सुधारक मंडळी दुरावली, वृत्तपत्रं तुटून पडली. आधारासाठी धर्म बदलणाऱ्या माणसाने इतका तोट्याचा व्यवहार केलेला मी दुसरा पाहिलेला नाही.

‘पण बुद्धी तर गहाण टाकली,’ असा पुढचा ठोका असतो. गहाण टाकली म्हणता? ज्या वाँटेजच्या ख्रिस्ती जोगिणींनी त्यांना आश्रय दिला त्यांच्याशीच रमाबाई पत्रांतून वर्षानुवर्षं भांडत राहिल्या. त्रैक्याचा सिद्धांत आपल्याला पटत नाही असं त्यांनी सांगितलं. देशातल्या पुरोहितांचं जू मोठ्या कष्टाने उतरवलं ते तसंच दुसरं जू मानेवर घेण्यासाठी नव्हे, अशा आशयाचं त्यांनी आपल्याच गुरुस्थानी असलेल्या सिस्टर जेराल्डीन यांना लिहिलं. ज्यांनी आश्रय दिला होता, त्यांना. १८९७ साली पुण्यातल्या प्लेगच्या इस्पितळात बायकांचे कसे हाल होतात यावर त्यांनी वृत्तपत्रातून सरकारची लाज काढली. ते सरकारही ख्रिस्तीच होतं. पुढे बायबलचं मराठी भाषांतर करायचं ठरवलं तेव्हा उपलब्ध भाषांतरावर विसंबून राहण्याऐवजी हिब्रू आणि ग्रीक शिकून त्या कामाला बसल्या. बुद्धी गहाण टाकल्यावर माणूस उतारवयात हिब्रू शिकतो, ही माहिती मला नवी आहे.

आता मुख्य प्रश्न, निष्क्रियतेचा. १८९६ च्या अखेरीची स्थिती नीट डोळ्यांपुढे आणा. शारदासदन ही रमाबाईंची विधवांसाठीची शाळा, त्या मायदेशी परतल्यावर, मुंबईत १८८९ च्या मार्चमध्ये निघाली आणि पुढच्याच वर्षी पुण्यात आली. १८९३ मध्ये वादळ झालं. रमाबाई प्रार्थना करतात, त्यांच्या खोलीचं दार उघडं असतं आणि मुली येऊन बसतात, यावरून गदारोळ उठला. रानडे, भांडारकर यांच्यासारखी सल्लागार मंडळी बाजूला झाली, पालक मुली काढून घेऊन गेले. उरलेली संस्था अमेरिकेतल्या पैशावर चालली होती, आणि बोस्टनच्या रमाबाई असोसिएशनने १८८७ साली जे वचन दिलं होतं ते दहाच वर्षांचं होतं. म्हणजे मुदत संपत आलेली. पुढे काय, हे ठाऊक नाही. पुण्याजवळ केडगावला थोडी जमीन घेऊन फळझाडं लावली होती, की उद्या त्यांच्या उत्पन्नावर काही भागेल.

अशा वेळी व्यवहारी माणूस काय करतो? खर्च कमी करतो. नवी माणसं घेत नाही. मध्य प्रांतातल्या दुष्काळाबद्दल हळहळतो, फार तर एखाद्या निधीला दहा रुपये पाठवतो. आणि त्यात गैर काहीच नाही; तुम्ही-मी हेच केलं असतं. रमाबाई गाडीत बसल्या. मध्य प्रांतातली सरकारी अन्नछत्रं आणि पुअरहाउसं त्यांनी स्वतः पाहिली, आणि तिथे भुकेइतकंच भयंकर दुसरं काही पाहिलं: अनाथ आणि विधवा पोरी हेरत फिरणारी माणसं. या मुलींना कुठे नेलं जाणार हे सांगायला पंडिता असण्याची गरज नव्हती. त्यांनी ठरवलं, तीनशे मुली घ्यायच्या. पैसे नव्हते, इमारत नव्हती, आणि वर पुण्यात प्लेग असल्यामुळे इतक्या मुली शहरात ठेवायला परवानगीही मिळेना. म्हणून केडगावच्या उघड्या रानात झोपड्या आणि तंबू उभे राहिले. ‘मुक्ती’ या त्यांच्या संस्थेची सुरुवात ती.

हा निर्णय त्यांनी कशाच्या बळावर घेतला, हे त्यांनी लपवलेलं नाही. ब्रिस्टलमध्ये हजारो अनाथ मुलांना सांभाळणाऱ्या जॉर्ज म्यूलरबद्दल त्यांनी वाचलं होतं, चीनमध्ये काम करणाऱ्या हडसन टेलरबद्दल वाचलं होतं. देवावर भरवसा ठेवून काम आधी हाती घ्यायचं, पैसा मागून येतो, अशी त्या मंडळींची रीत. रमाबाईंनी ती उचलली. तुम्हाला देव मान्य नसेल तर नसो. पण घटनाक्रम तरी मान्य कराल की नाही? श्रद्धेने ही बाई घरी बसली नाही, घराबाहेर पडली. तिच्याइतकीच दुष्काळाची बातमी वाचलेली, तिच्याहून अधिक पैसा असलेली आणि कोणत्याही कुबडीविना ताठ उभी असलेली कितीतरी शहाणी माणसं तेव्हा पुण्या-मुंबईत होती. त्यांतली तीनशे मुली घेऊन किती जण परतले?

‘पैसा परदेशातून आला,’ असं कुणी म्हणेल. आला. रमाबाईंनी पत्रं लिहून मागितला आणि आला. श्रद्धा म्हणजे पत्र न लिहिणं, अशी व्याख्या कुणी केली? त्याच श्रद्धेने केडगावला विहिरी खणल्या, शेती, गुरं, विणकाम, तेलाचे घाणे, छापखाना चालवला. अंध मुलींना ब्रेल शिकवलं. ज्यांना कुणीच दारात उभं करत नव्हतं अशा बायकांसाठी ‘कृपासदन’ काढलं. गुजरातचा दुष्काळ आला तेव्हा पुन्हा माणसं पाठवून मुली आणल्या, आणि १९०० पर्यंत मुक्तीतली माणसं दीड हजारांवर गेली. दीड हजार माणसांना रोज दोन वेळा जेवायला घालणं ही पळवाट असेल, तर या देशाला अशा पळवाटांची फार गरज आहे.

आता भाकरीचं. ‘राइस ख्रिश्चन’ हा शब्द आपल्याकडे फार चवीने वापरला जातो, आणि मध्य प्रदेशात तर त्याला सरकारी इतिहास आहे. १९५४ साली न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, १९५६ साली तिचा अहवाल आला, १९६८ साली धर्मस्वातंत्र्याचा कायदा झाला आणि त्यात प्रलोभन हा गुन्ह्याचा भाग ठरला. फसवून, दमदाटी करून धर्म बदलायला लावणाऱ्याला शिक्षा व्हावी, यावर माझं दुमत नाही. भुकेल्या पोराने आधी भाकरी पाहिली आणि मग देणाऱ्याचा देव पाहिला, असं घडलं असेलच; घडणारच. पण दोष कुणाच्या पदरात घालायचा? भाकरी देणाऱ्याच्या, की ती पोर आपल्या वेशीवर मरत असताना भाकरी न देणाऱ्याच्या? त्या मुलीला पुअरहाउसच्या दारातून दलालाने नेलं असतं तर तिच्या धर्माची चौकशी करायला कोण जाणार होतं? धर्म शाबूत राहून ती कोठ्यावर गेली असती, तर आपली बैठक निवांत पार पडली असती, एवढंच ना?

शिवाय भाकरीचा आरोप ज्यांना लागूच पडत नाही त्यांच्याबद्दल हे लोक मुके होतात. कवी नारायण वामन टिळक १८९५ च्या फेब्रुवारीत ख्रिस्ती झाले. त्यांना काय मिळालं? बायको लक्ष्मीबाई दुरावली, मुलगा दुरावला, नातलग तुटले. लक्ष्मीबाई वर्षानुवर्षं वेगळ्या राहिल्या, नवऱ्याच्या धर्मावर रडल्या, चिडल्या, सोवळं पाळत राहिल्या. मग परत आल्या तरी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःला पटल्यावर, १९०० साली. या बाईला कुणी भाकरीने विकत घेतलं असं म्हणण्याची हिंमत ‘स्मृतिचित्रे’ हे तिचं आत्मचरित्र वाचलेला माणूस करणार नाही. संकटं त्यांना काही कमी नव्हती. नवऱ्याच्या हातात पैसा टिकत नसे आणि घरात दुसऱ्यांची पोरं येऊन राहत. १९१९ साली टिळक गेले, तेव्हा त्यांचं ‘ख्रिस्तायन’ अपुरं होतं. ते पुढे लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. शाळेत धड न गेलेल्या बाईने. कुबडी!

मला सर्वांत जास्त चीड येते ती दुटप्पीपणाची. शहपुरा नर्मदेपासून दूर नाही, भेडाघाट इथून जवळ. परिक्रमावासी या भागातून जातात, त्यांत मराठी माणसं भरपूर असतात. हातात काठी, पाठीवर पडशी आणि तोंडाने ‘नर्मदे हर’. पैसा जवळ ठेवायचा नाही, मिळेल ते खायचं, मैया सांभाळेल. आम्ही त्यांना वाकून नमस्कार करतो, घरी जेवायला बोलावतो, त्यांची प्रवासवर्णनं विकत घेऊन वाचतो. करायलाच हवं. तुकोबांचं आम्ही काय सांगतो? १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात बायको गेली, पोर गेलं, दिवाळं निघालं, आणि ते विठोबाच्या पायाशी गेले. यात आम्हाला दुबळेपणा दिसत नाही, उंची दिसते. मग तोच माणूस, तोच दुष्काळ, तीच शरणागती, फक्त नाव येशूचं आलं की कुबडी कशी होते? नारायण वामन टिळक सांगत की ते तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे गेले. पुलाचं एक टोक पवित्र आणि दुसरं टोक पळवाट, हे स्थापत्य कुठलं?

‘तो देव परका आहे’ या उत्तरावर मी वेळ घालवणार नाही. फादर स्टीफन्सचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ चं आहे. चारशे वर्षं मराठीत बोलूनही जो परका राहतो, त्याला आणखी किती वर्षं लागतील ते एकदा कळवा.

उरला तो तत्त्वचिंतकांचा प्रश्न. प्रार्थनेने दुष्काळ हटला का? नाही हटला. हे रमाबाईंना कुणी सांगायला नको होतं. ज्या मुलीने आपल्या आईवडिलांना सगळे नेमधर्म पाळूनही भुकेने खंगताना पाहिलं, तिला देव म्हणजे धान्याचं कोठार नव्हे हे तुमच्या-माझ्यापेक्षा लवकर समजलं होतं. मुक्तीतही मुली मेल्या. दुष्काळातून आलेल्या कित्येक इतक्या खालावलेल्या होत्या की अन्न मिळूनही वाचल्या नाहीत. शेवटी जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली, त्यांची एकुलती एक मुलगी, आणि मुक्तीचं काम पुढे तीच चालवणार होती. त्या वेळी रमाबाईंचं वय त्रेसष्ट, कान निकामी, प्रकृती ढासळलेली. श्रद्धा म्हणजे देवाशी केलेला विम्याचा करार असता तर तो तिथेच फाडायला हवा होता. त्या भाषांतराच्या कामाला परत बसल्या. ते पुरं करून ५ एप्रिल १९२२ रोजी गेल्या. मुक्तीच्या छापखान्यात, मुक्तीतल्याच बायकांच्या हातून, ते बायबल १९२४ साली पूर्ण छापून बाहेर आलं.

तेव्हा प्रश्नच चुकीचा आहे. प्रार्थनेने दुष्काळाचं काय झालं हे विचारण्यात अर्थ नाही. प्रार्थना करणाऱ्याने दुष्काळात काय केलं ते विचारा. आणि हाच प्रश्न प्रार्थना न करणाऱ्यालाही विचारा. मग उत्तरांची तुलना करायला मी केव्हाही तयार आहे.

इथे दुसऱ्या बाजूच्या मंडळींनाही एक ऐकवणं भाग आहे, कारण कुबडीवाल्यांना दारूगोळा तेच पुरवतात. मंडप घालून, लाउडस्पीकर लावून ‘गोळ्या बंद करा, फक्त विश्वास ठेवा’ सांगणारे चंगाईचे व्यापारी. क्षयाच्या रोग्याला औषध सोडायला लावणं हा विश्वास नव्हे, अपराध आहे. यांना मिरज दाखवावी. विल्यम वानलेस हा मिशनरी डॉक्टर तिथे श्रद्धा घेऊनच आला होता, पण त्याने १८९४ साली रुग्णालय उभं केलं, हातात शस्त्र घेतलं, आणि १८९७ पासून इथल्याच मुलांना वैद्यक शिकवलं. त्याने प्रार्थना करून चाकू खाली ठेवला असता तर मिरजेचं नाव आज रुग्णांच्या तोंडी नसतं. या व्यापाऱ्यांवरून सगळ्या श्रद्धेची किंमत करायची असेल, तर भोंदू बाबांवरून वारीची किंमत करावी लागेल. ते तुम्ही करत नाही. करूही नये.

माझं म्हणणं मग एवढंच आहे, आणि ते मी मवाळ करणार नाही. अंगावर कोसळलेल्या संकटात ख्रिस्तावर विसंबणं हा दुबळेपणा आहे, असं म्हणणाऱ्यांनी मराठी मुलखातला याचा पुरावा वाचलेलाच नाही. जो पुरावा आहे तो नेमका उलट आहे. ज्या वेळी हिशेब जुळत नव्हता, तेव्हा या विसंबण्यानेच रमाबाईंना आमच्या दुष्काळी मुलखात आणलं आणि हिशेबात बसणाऱ्या माणसांनी जे केलं नसतं ते करायला लावलं. त्यांची श्रद्धा तुम्ही स्वीकारू नका, कुणी आग्रह धरलेला नाही. पण तिला कुबडी म्हणण्याचा अधिकार कमवावा लागतो, आणि तो चहाच्या टपरीवर मिळत नाही.

केडगाव पुणे-दौंड मार्गावर आहे, आणि रमाबाईंची मुक्ती तिथे आजही चालू आहे. जबलपूरकडून दौंडमार्गे पुण्याला जाणारा माणूस त्या स्टेशनावरूनच पुढे जातो. पुढच्या वेळी पुण्याच्या नातलगांकडे जाल तेव्हा एक दिवस काढून तिथे उतरा, आवार पायी हिंडून पाहा, आणि मग वाद घालायला शहपुऱ्याला या. चहा माझ्याकडून.